बुटक्या खिडकीचं खोटं माप

अंकाचे संपादक घरी आले तेव्हा मी त्यांना आधी हेच विचारलं, की माझ्याकडून लिहून घेऊन तुमचा फायदा काय? माणूस हसला. मी हसलो नाही. मी चौथी पास सुतार. गिरणी गेल्यावर पाडलेल्या चाळींच्या लाकडातून लोकांना हॉटेलं बांधून दिली. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "तेच लिहा. आता जो तो सांगतो, निसर्गाला धरून बांधा, जुन्या पद्धतीनं बांधा. तुम्ही ते हातानं केलंय, मिस्त्री." असं गोड बोलणारा माणूस समोर बसला की माझं लक्ष आपोआप दाराच्या कडीकडे जातं. पण चहा पिताना त्यांनी कपाखाली बशी धरली, माझ्या लाकडी स्टुलावर ओघळ नको म्हणून. तेवढ्या एका गोष्टीवर लिहायला बसलोय. चुकलंमाकलं त्यांनी बघावं.

मी जन्माचा संशयी नाही. हे दुखणं मला गिरण्यांच्या संपात लागलं. संप चालू होता तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत रोज एक वहीवाला यायचा. आज युनियनचा, उद्या कुठल्या कॉलेजचा, परवा कोणा पुढाऱ्याचा. घरात माणसं किती, गावी जमीन किती, पोरं शिकतात का. माझी बायको इंदू, कोकणातली, प्रत्येकाला पाणी द्यायची, वर गूळ. सगळं लिहून घेऊन गेले, परत एक आला नाही. मग टेपवाले आले, मोजायचा टेप घेऊन. शेजारच्या चाळीत एक जण खोल्या मोजून गेला, "नुसता सर्व्हे आहे" म्हणाला, आणि वर्षाच्या आत तिथं भोवती पत्रे लागले. तेव्हापासून आमच्या चाळीत खिशातून टेप काढला की पाण्याचं सोडाच, लोक दारं लावून घ्यायचे.

आता धंदा सांगतो.

गिरणीत मी सुतारखात्यात होतो. मागाचे लाकडी भाग दुरुस्त करायचे, छपराची डागडुजी करायची. संपात गिरणी गेल्यावर मी एका वखारीत लागलो. चाळी पडत होत्या, त्यांचं लाकूड तिथं यायचं. जुना साग ओळखायचा तर पटाशीनं टोक खरवडायचं. आतून तेलकट निघाला, चामड्यासारखा वास आला, की माल खरा. मग हातोडीनं ठोकून कान लावायचा. आवाज भरीव आला तर घ्यायचा, बद्द आला तर आत वाळवी जेवून गेलेली आहे, सोडून द्यायचा. शंभर वर्षं डोक्यावर माणसं वागवलेली तुळई असते ती. रंधा मारला की नवी होते. नवीन झाड तोडायची गरज काय?

चुन्याचंही तसंच. चुना आणला आणि थापला असं होत नाही. पाण्यात विझवायचा, मुरवायचा, वाळूबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. सिमेंट एका दिवसात कडक होतं आणि मग कोणाचं ऐकत नाही. चुना सावकाश वाळतो, भिंत गार ठेवतो, आणि चूक झाली तर दुरुस्त करू देतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि वारा. मुंबईत वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून. त्याला आत यायला खाली वाट द्यायची आणि बाहेर जायला वर. गरम हवा वर जाते हे सांगायला इंजिनेर लागत नाही, चूल पेटवणारी कुठलीही बाई सांगेल.

पण हॉटेलवाल्यांना हे नको असायचं. त्यांना हे *दिसायला* हवं असायचं. दादरला एका मालकानं कोकणातल्या घरासारखं हॉटेल काढायचं ठरवलं. मला म्हणाला, "मिस्त्री, जमीन शेणाची पाहिजे. अस्सल." मी म्हटलं, "एसी लावणार?" म्हणे, "म्हणजे काय! गिऱ्हाईक घामाघूम होऊन जेवणार आहे का?" मी सांगून दमलो. शेणाच्या जमिनीला वारा लागतो, ऊन लागतं, अनवाणी पाय लागतात, आणि आठ दिवसांनी एक बाई लागते, पदर खोचून ती पुन्हा सारवणारी. त्यानं ऐकलं नाही. मालाडहून शेण आणलं. उद्घाटनाला बायका टाचेच्या चपला घालून आल्या, जमिनीला भोकं पडली चाळणीसारखी. बंद एसीत पंधराव्या दिवशी बुरशी धरली. मालकाचा मला फोन, "मिस्त्री, वासाचं काहीतरी करा." मी म्हटलं, "म्हैस आणून बांधा, म्हणजे वास कशाचा ते तरी लोकांना कळेल." त्यानंतर त्यानं मला कधी बोलावलं नाही.

दुसरा एक होता लालबागचा, त्याला नवं लाकूड जुनं करून हवं होतं. साखळीनं बडवा, चहाच्या पाण्यानं रंगवा. मी म्हटलं, जुनं लाकूड माझ्याकडे पडलंय की. तर म्हणतो, ते पुरेसं जुनं *दिसत* नाही. सांगा, अशा लोकांवर कोणाचा विश्वास बसेल?

म्हणून नीलिमा मॅडम आली तेव्हा मी तिलाही त्याच पंगतीत बसवलं.

संपाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मॅडम आर्किटेक्ट. मुलगी फणसवाडीत वाढलेली, तिशीची, पायात साधी रबरी चप्पल, कानावर पेन्सिल खोचलेली. कानावरची पेन्सिल ही सुताराची खूण. ती तिनं मुद्दाम मला खूश करायला खोचलीय असं मला वाटलं. तिला एका मालकानं हॉटेलचं काम दिलं होतं, आणि जागा होती माझीच गिरणी. माझ्याच गिरणीची विणकामाची शेड. ज्या गेटावर आम्ही घोषणा दिल्या त्या गेटातून मी पुन्हा आत गेलो. वॉचमन नवा होता. "किसको मिलना है?" म्हणाला. एकोणीस वर्षं त्या गेटातून आत गेलेल्या माणसाला.

शेडच्या मागे गिरणीचा तलाव होता. जुन्या गिरण्यांना असायचा, वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून. गाळानं भरलेला, वर हिरवं शेवाळ. मॅडम काठावर उभी राहून म्हणाली, "मिस्त्री, हा आधी उपसायचा. वारा समुद्रावरून येणार, या पाण्यावरून थंड होऊन शेडमध्ये येणार. वरचं करवतीच्या दातांसारखं छप्पर आहे तसंच ठेवायचं, उत्तरेचा उजेड देतं, ऊन देत नाही. गरम हवा तिथूनच बाहेर सोडू. एसी लावायचा नाही."

"मालकाला माहिती आहे?"

"आहे. तयार आहेत."

"मग त्यांचा दुसरा काहीतरी फायदा असणार. तलाव उपसून दाखवला की जागेला किंमत येते."

ती हसली. "तुम्ही कोणाबद्दल चांगलं बोलता का हो?"

"मेलेल्यांबद्दल," मी म्हटलं.

काम मात्र मी घेतलं. लाकूड चांगलं होतं आणि ती लाकडाला हात लावायची तो बरोबर लावायची, रेषेच्या बाजूनं.

तिचा बेत असा होता की हॉटेलच्या दर्शनी भागात बायका खाली पाटावर बसून चुलीवर भाकऱ्या करतील, मासे तळतील, आणि गिऱ्हाईक समोर बसून गरम गरम खाईल. गिरणगावच्या खाणावळीसारखं. अडचण एकच, चुलीचा धूर. ती रस्त्यावर विचारत फिरली, इथल्या खाणावळींत एवढ्याशा खोलीत बायका बसून पन्नास-पन्नास माणसांचं जेवण करायच्या, त्या गुदमरत कशा नव्हत्या? आणि कोणीतरी मेल्यानं तिला सांगितलं, "इंदूवहिनीची खोली बघा. तिथं धूर नाही."

त्या मेल्याचं खरं होतं. हे आता सांगावं लागेल.

इंदू खाणावळ चालवायची. तळमजल्याची आमची एक खोली, तिच्यात एका पाळीला बारा-तेरा गडी जेवायला. शेगडी, स्टो, मागे भिंत. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा ती खोकायला लागली. सकाळी भाकरी थापताना खोकला, दुपारी कालवण ढवळताना खोकला. गडी म्हणायचे, "वहिनी, मीठ कमी घाला, कालवणात खोकला पडलाच आहे थोडा." ती हसून आणखी खोकायची. एका रविवारी मी घरमालकाला न विचारता मागची भिंत फोडली. आधी इंदूला पाटावर बसवलं, जशी ती शेगडीपुढे बसते तशी. एक सुतळी घेतली, जमिनीपासून तिच्या हनुवटीपर्यंत धरली आणि गाठ मारली. त्या गाठीच्या खाली खिडकी काढली, रुंद आणि ठेंगणी. वारा तिच्या तोंडाच्या खालून येणार, शेगडीला ढकलणार, धूर वर छतालगतच्या झरोक्यातून जाणार. गिरणीत बाद झालेल्या फळीची झडप करून बसवली. इंदू त्या खिडकीला बुटकी म्हणायची. "अवो, बुटकी उघडा." शेजारच्या पोरीला, "बुटकी लाव गो, मांजर येता." इंचात त्या खिडकीचं माप मी कधी घेतलं नव्हतं. ते माप इंदूचं होतं.

खोकला गेला. संपात गिरणी बंद पडली तेव्हा आमचं घर त्या खाणावळीनं धरून ठेवलं. त्या खोलीबद्दल मी असा का होतो ते कळलं असेल.

तर एका रविवारी दुपारी मॅडम दारात. हातात वही आणि टेप.

इंदूनं तांदूळ निवडता निवडता वर बघितलं. "ये गो, आत ये. बस."

मी उठून मधे उभा राहिलो. "टेप आत ठेवा आधी."

"मिस्त्री, मला फक्त ती खालची खिडकी—"

"आमच्यात खिडकी नाही."

बुटकी समोर सताड उघडी होती. वारा येऊन तिच्या वहीची पानं फडफडवत होता. मॅडमनं खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही मिटली. "बरं. येते, वहिनी," म्हणून गेली. चहासुद्धा नाही.

इंदूनं सूप बाजूला ठेवलं. "तुमका सगळे चोरच दिसतत. ता चेडू आपली भिंत काय खाकेत मारून नेतला?"

"शेजारच्या चाळीत मोजलं होतं तेव्हा पण असंच म्हणालात तुम्ही बायका."

"तो मोजणारो येगळो आणि ह्या चेडू येगळा."

"तुला कळतं?"

"माका माणूस कळता," ती म्हणाली. "तुमका लाकूड कळता."

दुसऱ्या दिवशी साईटवर मॅडम माझ्याशी नेहमीसारखीच वागली. तिथंच मी जास्त सावध झालो. दुपारी डबा खाताना म्हणाली, "माप घेऊ देऊ नका, हरकत नाही. तोंडी सांगा. ती खिडकी जमिनीपासून किती उंच आहे?"

एक घास गिळेपर्यंत मी विचार केला. खरं सांगितलं तर ती माझ्या खोलीपर्यंत पोचली. आज खिडकी, उद्या भिंत, परवा सगळी खोली कागदावर, आणि कागदावर गेलेलं आमच्या लोकांचं काही आमचं राहिलेलं मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "तीन फूट. तीन फुटांपासून वर."

"तीन फूट?" तिनं भुवई उचलली. "एवढी वर?"

"खाणावळ कोणाची आहे, तुमची की आमची?"

तिनं लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

आणि मग हॉटेलातली चुलींकडची भिंत मीच बांधून घेतली. कोकणातला चिरा, मधे चुना, तळ्याच्या बाजूला तीन खिडक्या, तीन फुटांवर. गुण्या लावला, ओळंबा सोडला, पाणसळ बघितली. चुकीची खिडकी मी इतकी बरोबर बांधली की मॅडम हात फिरवून म्हणाली, "मिस्त्री, वा." मी वर न बघता ओळंबा गुंडाळत राहिलो. पण मी मनाशी धरलं होतं की मालक शेवटी एसी लावणारच आहे. सगळे लावतात. मग खिडकी कुठंही असली तरी काय फरक पडतो?

उद्घाटनाला आठ दिवस होते तेव्हा चूल पेटवून बघायची ठरली. परळहून जुन्या खाणावळवाल्या तीन बायका आल्या होत्या. मॅडमनं भाकरीचा हात बघायला म्हणून इंदूलाही बोलावलं होतं. मला न विचारता बोलावलं आणि इंदू मला न सांगता आली, इरकली लुगडं नेसून. मालक होता, त्याची दोन माणसं होती. चुली पेटल्या. तळ्यावरून वारा आला, छान आला, बायकांच्या डोक्यावरून आत घुसला आणि धुराला वर जाऊ न देता उलटा खाली दाबला. पाच मिनिटांत चार बायका पदरात तोंड घालून खोकत होत्या. समोरच्या बाकांवर कोण बसलंय ते दिसेना.

मालक रुमाल नाकाला लावून ओरडला, "मॅडम, बस हो गया हवा-पानी! कल एसीवाले को बुलाता हूँ. ये सब बंद करो, काच लगाओ, गैस लगाओ!"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. ती भांडली नाही. नुसती वही उघडून मापं बघत होती, पुन्हा पुन्हा, जशी काही चूक तिथं सापडेल. हे तिचं स्वतःचं पहिलं काम होतं. ते बुडालं असतं तर पुन्हा कोणी तिला बिनमशिनीचं हॉटेल बांधू दिलं नसतं. हे मला त्या क्षणी कळलं, आधी नाही.

इंदू पाटावर बसून होती. डोळे पुसून तिनं वर बघितलं. खिडकी तिच्या डोक्याच्या चार बोटं वर. तिनं मॅडमला विचारलं, "ह्यां माप कोणी दिल्यान?"

"मिस्त्रींनीच. तुमच्या खोलीतलं आहे ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंदूनं पण बघितलं. तिला सगळं कळलं होतं. इतकी वर्षं ती त्या बुटकीपुढे बसत होती. ती शांतपणे मॅडमला म्हणाली, "ते इसारले असतले गो. वय झाला आता."

मी तेव्हा पन्नाशीत होतो. एका गाठीचं माप नाही, गिरणीतल्या प्रत्येक मागाच्या फळीचं माप मला पाठ होतं. चार लोकांत बायको माझी लाज झाकत होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

"विसरलो नाही," मी म्हटलं. "खोटं सांगितलं."

धूर कमी व्हायला लागला होता. मॅडमनं वही खाली ठेवली.

"किती खोटं?"

"खिडकी हनुवटीच्या खाली पाहिजे. मी डोक्याच्या वर सांगितली."

"का, मिस्त्री?"

"तुमच्या हातात टेप होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी तुमच्या खोलीचं काय करणार होते?"

इंदू मधेच म्हणाली, "आता बोलत कित्या रवलात? सुतळी हाडा." मी खिशातून सुतळी काढली. "तुझं माप आहे की घरी," मी म्हटलं, "आता पुन्हा कशाला?" तर म्हणे, "चुलीपुढे बसतली कोण? तुमच्या तोंडचा माप आता कोण मानतलो? हय बसान घेवा." मग त्या चिऱ्याच्या भिंतीपुढे, मालक आणि त्याच्या माणसांसमोर, मी बायकोपुढे गुडघ्यावर बसलो. सुतळी जमिनीला टेकवली, तिच्या हनुवटीपर्यंत धरली, गाठ मारली. ती हसू दाबत होती. परळच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक म्हणाली, "मंगळसूत्र पण असंच घातलं होतं का हो?"

मालकाला मीच सांगितलं, "चार दिवस द्या. चुना आहे, सिमेंट नाही. भिंत उघडते."

"और नहीं हुआ तो?"

"तर तुमच्या एसीचं भोक मी फुकट पाडून देतो."

चार दिवसांत चिरे काढले, वरच्या खिडक्या बुजवल्या, खाली गाठीच्या मापानं तीन बुटक्या काढल्या. चुन्यानं करू दिलं. पाचव्या दिवशी चुली पेटल्या, वारा खालून आला आणि धूर सरळ उठून वरच्या छपरातून बाहेर गेला, जसा कोणी दोरीनं ओढलाय. मालक मान वर करून बघत राहिला. "ये तो सीधा ऊपर जा रहा है," म्हणाला. उद्घाटनात भाषण करताना त्यानं ही कल्पना लहानपणापासून आपल्या डोक्यात होती असं सांगितलं. इंदूनं मला चिमटा काढला.

ती सुतळी मॅडमनं उचलून पर्समध्ये टाकली. मी बघितलं. घरी येऊन इंदूला विचारलं, "सुतळी कशाला ठेवली असेल तिनं?" इंदूनं कपाळाला हात लावला.

हॉटेल नऊ वर्षं चाललं, एसीशिवाय. मग जमीन विकली गेली. शेड गेली, तलाव बुजवला, आता तिथं काचेची इमारत आहे. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. मी तो फक्त चुकीच्या माणसावर घेतला. आमच्या चाळीचंही तेच झालं. खोल्या मोजायला दुसरीच माणसं आली, आणि त्यांना मी काही करू शकलो नाही. त्यांनी खोली म्हणून एक आकडा लिहिला. बुटकी लिहिली नाही, झरोका लिहिला नाही, इंदूचा पाट कुठं असायचा ते लिहिलं नाही. चाळ पडली. जी बाई ते सगळं नीट कागदावर काढून ठेवणार होती तिला मी दारातून परत पाठवलं होतं.

आम्हाला बाराव्या मजल्यावर खोली मिळाली. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, खिडकी छातीच्या वर. इंदू ओट्यावर कधी रमली नाही. भाज्या चिरायला खाली बसायची. म्हणायची, "हय वारो येता, पण वळखीचो नाय." चार वर्षांपूर्वी छातीत पाणी होऊन ती गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तिचे दिवस झाल्यावर मॅडम आली. केस पिकलेले, चष्मा. मी दार अर्धंच उघडलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला, की ही आता काय मागायला आली? तिनं पर्समधून ती सुतळी काढली. काळी पडलेली, गाठ तशीच.

"पुढची जेवढी बांधली, त्यात हेच माप ठेवलं," ती म्हणाली. "आता तुमच्याकडे असू दे."

मी सुतळी घेतली. तिला आत बसवलं. चहा केला, गोड झाला. दोघांनी तो तसाच प्यायला. मग मी म्हटलं, "टेप आणलाय?"

"नाही. का?"

"वही आहे?"

होती. मी म्हटलं, "लिहा. डिलाईल रोडची खोली. दार पूर्वेला."

ती खाली जमिनीवरच बसली, वही मांडीवर घेऊन. मी समोर बसलो. भिंतीची लांबी सांगितली, दाराची रुंदी, झरोका कुठं, शेगडी कुठं, पाण्याचं पिंप कुठं, गडी कुठल्या क्रमानं बसायचे. ती रेघा मारत होती. प्रत्येक आकड्याला पेन्सिल थांबायची आणि ती चष्म्यावरून माझ्याकडे बघायची.

"मिस्त्री, हे खरं माप ना?"

"खरं."

"नक्की?"

"नक्की."

दर वेळी विचारायची. तिचं बरोबर होतं. मीही विचारलं असतं.

खोली कागदावर भरत आली. शेवटी मागची भिंत राहिली. "बुटकी?" तिनं विचारलं. "जमिनीपासून किती?"

मी सुतळी उलगडली. सुतळीचं एक टोक जमिनीला टेकवलं आणि गाठीपर्यंत ताणून तिच्यासमोर धरली.